‘तेवढं एकच मत द्या’ हे कुठल्या निवडणुकीत ऐकायचं आणि कुठल्या नाही

प्रश्न असा आहे: “कोल्हापुरात निवडणूक कुठलीही असो, कार्यकर्ते एकच सांगतात, ‘आमच्या माणसाला तेवढं एक मत द्या, बाकी कोरं सोडा.’ गोकुळ दूध संघाला तेच, महापालिकेला तेच, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघालाही तेच. हे ऐकावं का? आणि निवडून येणाऱ्याला जेमतेम चाळीस टक्के मतं पडत असतील, तर उरलेल्या साठ टक्क्यांच्या मताला अर्थ काय?”

दोन्हीचं मूळ एकच आहे: मतं मोजायची पद्धत. कोल्हापूरचा मतदार पाच वर्षांत चार-पाच वेगवेगळ्या पद्धतींनी मत देतो, आणि बहुतेकांना ती पद्धत बदललेली कळतही नाही. तोच माणूस, तेच बोट, तीच शाई. पण एका ठिकाणी ‘फक्त एक’ हा सल्ला कामाचा, दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी आणि तिसऱ्या ठिकाणी स्वतःच्याच मताचं नुकसान करणारा ठरतो. म्हणून एकेक पद्धत घेऊ.

लोकसभा आणि विधानसभेपासून सुरुवात करू. इथे मत एकच असल्यामुळे कार्यकर्त्याच्या सल्ल्याचा प्रश्नच येत नाही. नियम साधा: सर्वांत जास्त मतं ज्याला, तो निवडून आला. निम्म्याहून जास्त हवीत अशी अट नाही. दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असलं तरी पुरे. अगदी समसमान पडली तर चिठ्ठी काढतात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जादा पडलं असं धरतात.

हातकणंगले लोकसभेचं उदाहरण घ्या. या मतदारसंघात आपले शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २०२४ ला धैर्यशील माने यांना ५,२०,१९० मतं पडली, सत्यजित पाटील सरूडकर यांना ५,०६,७६४. फरक १३,४२६ चा. तिसऱ्या क्रमांकावर राजू शेट्टी, सुमारे १ लाख ८० हजार मतं. एकूण मतदान १२ लाख ९० हजारांच्या घरात, म्हणजे विजयी उमेदवाराकडे सुमारे चाळीस टक्के. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. १२ लाख ९० हजारांचा सहावा भाग २ लाख १५ हजार होतो. म्हणजे पावणेदोन लाखांहून जास्त माणसांनी ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याची अनामतही या हिशेबात वाचत नाही. २०१९ ला याच जागी माने ९६,०३९ मतांनी जिंकले होते, आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,२३,४१९ मतं होती. दोन्ही वेळा तिसऱ्या उमेदवाराची मतं पहिल्या दोघांतल्या फरकापेक्षा जास्त.

यावरून ‘तिसऱ्याने मतं खाल्ली’ असं लगेच म्हटलं जातं. तसं म्हणण्याआधी थांबावं. तिसऱ्याचा मतदार तो उमेदवार नसता तर दुसऱ्यालाच गेला असता, हे कोणी तपासलेलं नसतं. काही पहिल्याकडे गेले असते, काही घरी बसले असते. खात्रीने एवढंच सांगता येतं की या पद्धतीत मतदाराला ‘हा नाही तर तो’ एवढं सांगायचीही सोय नाही. तिसऱ्याला मत देणाऱ्या १ लाख ८० हजारांना पहिल्या दोघांत कोण बरा वाटत होता, हे मतपेटीला कुणी विचारलंच नाही.

याचा परिणाम मतदानाच्या दिवसापेक्षा आधी दिसतो. मतं फुटली की जागा जाते, म्हणून सगळ्या जोडण्या माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालतात. कुणाला बसवायचं, कुणाला उभं करायचं, कुणाला पुढच्या विधान परिषदेचा शब्द द्यायचा. मतदाराच्या हातात यंत्र येतं तेव्हा निम्मी निवडणूक होऊन गेलेली असते. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि पक्षाचं ‘हात’ चिन्ह त्या मतदारसंघाच्या यंत्रावरच राहिलं नाही. मग पक्षाने एका अपक्षाला पाठिंबा दिला आणि वर्षानुवर्षं हातावर बटण दाबणाऱ्या माणसाला प्रेशर कुकर शोधायला सांगावं लागलं.

दुसरा परिणाम म्हणजे गट पक्षाला भारी पडतो. २०१९ ला कोल्हापूर लोकसभेला काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी असताना काँग्रेसच्याच सतेज पाटलांचा गट ‘आमचं ठरलंय’ म्हणत उघडपणे शिवसेनेच्या संजय मंडलिकांमागे उभा राहिला. मंडलिक २ लाख ७० हजारांवर मतांनी निवडून आले. त्या वर्षी देशभरचं वारंही त्याच बाजूला होतं, त्यामुळे सगळं श्रेय गटाला देणं चूक ठरेल. पण चिन्ह एक आणि निष्ठा दुसरी, हे आपल्याकडे लपवून करायचं काम राहिलेलं नाही.

आता सहकाराकडे येऊ, कारण ‘फक्त एक’ या सल्ल्याचं खरं घर तेच आहे.

गोकुळच्या २०२१ च्या निवडणुकीत २१ संचालक निवडायचे होते: सर्वसाधारण गटातून १६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागासवर्ग १ आणि भटक्या-विमुक्त जाती १. मतदाराच्या हातात प्रत्येक गटाची वेगळी मतपत्रिका येते. सर्वसाधारण गटाच्या पत्रिकेवर त्याला सोळा शिक्के मारता येतात. सोळापेक्षा कमी चालतात; सतरावा उमटला की ती पत्रिका बाद. मात्र बाद होते ती तेवढीच. महिला गटाची किंवा राखीव गटांची पत्रिका नीट असेल तर ती मोजली जाते.

या पद्धतीचं गणित निष्ठुर आहे. समजा ३,६०० मतदार आहेत. १,९०० जणांनी एका पॅनेलला सरळ सोळा मतं दिली आणि १,७०० जणांनी दुसऱ्याला. पहिल्या पॅनेलचे सोळाच्या सोळा १,९०० मतांवर निवडून येतात, दुसऱ्याचा एकही नाही. ५३ टक्क्यांना सगळं आणि ४७ टक्क्यांना भोपळा. प्रत्यक्षात निकाल एवढा कोरडा लागत नाही, कारण मतं फुटतात. २०२१ ला विरोधी आघाडीने १७ जागा घेतल्या आणि सत्ताधाऱ्यांचे ४ जण राहिले. एका पॅनेलची लाट असतानाही दुसऱ्या पॅनेलचे काही चेहरे तरतात, ते पै-पाहुण्यांच्या, तालुक्याच्या आणि दूध संस्थांच्या वैयक्तिक मतांवर.

मोजणीच्या टेबलावर हे डोळ्यांनी दिसतं. पत्रिका उघडल्या की आधी दोन ढीग होतात. एका बाजूला सरळ पॅनेल टू पॅनेल, म्हणजे सगळे शिक्के एकाच पॅनेलच्या चिन्हासमोर. दुसऱ्या बाजूला क्रॉस. सरळ गठ्ठे भराभर संपतात, त्यात भांडायला काही नसतं. क्रॉसच्या गठ्ठ्यातली प्रत्येक पत्रिका मात्र नाव वाचून, तक्त्यावर रेघ ओढून मोजावी लागते. एका पत्रिकेवर एका पॅनेलचे बारा, दुसऱ्याचे तीन आणि एक अपक्ष. पॅनेलमधला सर्वांत कमजोर उमेदवार आणि समोरचा सर्वांत दांडगा उमेदवार यांची लढत इथे ठरते, कारण सोळावा क्रमांक या दोघांतल्याच कुणाला तरी मिळायचा असतो.

आता सल्ला तपासू. तुम्हाला समोरच्या पॅनेलमधला एकच माणूस निवडून यायला हवा आहे, बाकी कोणीही चालेल. तुम्ही त्याला एक शिक्का मारला आणि उरलेले पंधरा ओळखीपाळखीने वाटून टाकले. त्या पंधरापैकी दोघे-तिघे सोळाव्या जागेच्या काठावर असतील, तर तुम्ही स्वतःच्या माणसाला एक मत दिलं आणि त्याच्या दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांनाही एकेक दिलं. हिशेब उलटा पडला. या पद्धतीत ‘एकच शिक्का मारा, बाकी कोरं सोडा’ हा सल्ला खरोखर धारदार आहे. ज्याला एकाच उमेदवाराची कळकळ आहे, त्याने कोरं सोडलेलं त्याच्या उमेदवाराच्या फायद्याचं. पण सल्ला देणारा कोण आहे तेही पाहावं. तुम्हाला संस्थेचा कारभार एका पॅनेलकडे एकसंध जायला हवा असेल, तर कोरे सोडलेले पंधरा शिक्के म्हणजे तुमच्या पॅनेलच्या बाकी पंधरा जणांचं नुकसान. पॅनेलमधला एखादा उमेदवार स्वतःपुरतं असं फिरवत असेल, तर तो आपल्याच सहकाऱ्यांचे पाय ओढतो आहे. पॅनेलचे नेते सर्वांत जास्त धास्तावलेले असतात ते याच प्रकाराने.

शिक्क्याबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. दोन उमेदवारांच्या मधल्या रेषेवर बसलेला शिक्का कुणाचा ते ठरत नसेल, तर मत बाद होतं. रकान्याच्या मध्यभागी मारा आणि शाई किंचित वाळू द्या. घडी घातल्यावर समोरच्या बाजूला उमटलेला उलटा ठसा मात्र मूळ शिक्क्यापासून वेगळा ओळखता येतो, त्याने घाबरू नये. आणि मोजत मारा. सोळा शिक्के मारताना चौदाव्याला लक्ष विचलित होतं आणि एक जास्त पडतो. घरून कागदावर नावं ठरवून जाणारा माणूस इथे फसत नाही.

यापेक्षा खोल अडचण मात्र मतपत्रिकेच्या बाहेर आहे. गोकुळला २०२१ ला मत देणारे सुमारे साडेतीन हजार लोक म्हणजे ठरावधारक. गावच्या प्राथमिक दूध संस्थेने ठराव करून ज्याचं नाव पाठवलं तो. धारा काढून सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या उत्पादकाला थेट मत नाही. मतदार थोडे, सत्ता मोठी. म्हणून प्रत्येक मताची किंमत चढते, ठरावधारकांना मतदानापर्यंत सहलीवर नेलं जातं, एका संस्थेचे दुबार ठराव येतात आणि त्यांच्या सुनावण्या चालतात. दूध उत्पादकाची ताकद ठराव होतो त्या बैठकीत असते. ती बैठक कधी झाली, सूचना निघाली होती का, कुणाचं नाव गेलं, प्रारूप यादी लागल्यावर हरकतीची मुदत कधीपर्यंत, हे प्रश्न तेव्हाच विचारायचे. अंतिम यादी लागल्यावर आरडाओरडा करून हाती काही येत नाही.

जिल्हा बँकेत आणखी एक पेच आहे. विकास संस्था (गावच्या सेवा सोसायट्या) गटात तालुकावार एकेक संचालक निवडला जातो. गगनबावड्यातल्या मोजक्या संस्था एक संचालक निवडतात आणि करवीरमधल्या कित्येक पट संस्थाही एकच. छोट्या तालुक्याला आवाज मिळावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. त्याची किंमत म्हणून एका मताचं वजन तालुक्या-तालुक्यात बदलतं, आणि मूठभर मतदारांची जागा सांभाळणं हे मोठ्या नेत्यांना सर्वांत सोपं जातं.

महापालिकेत पद्धत पुन्हा बदलते. पूर्वी ८१ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ८१ जागा तेवढ्याच राहिल्या, पण प्रभाग २० झाले: १९ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. इचलकरंजीतही तसंच, ६५ जागा १६ प्रभागांत.

चार मतं म्हटल्यावर लोकांना ते गोकुळसारखंच वाटतं. ते तसं नाही. प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड अशा वेगळ्या असतात, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे आणि निकालही वेगळा. यंत्रावर रंगही निराळे: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. ‘अ’ जागेचा उमेदवार ‘ब’ जागेच्या उमेदवाराशी लढतच नाही. म्हणून ‘क’ मधल्या तुमच्या माणसाला मत देऊन बाकी तीन जागा कोऱ्या ठेवल्या, तर त्याचा तसूभरही फायदा होत नाही. तुम्ही फक्त तीन नगरसेवक निवडायचा हक्क दुसऱ्यांना देऊन टाकता. इथे ‘फक्त एक’ हा सल्ला पूर्ण निरुपयोगी आहे. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेसमोरचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. चारही जागांवर बटण दाबून झाल्यावरच शेवटचा लांब आवाज येतो. तो येईपर्यंत मतदान पुरं झालेलं नसतं. पहिलं बटण दाबून, दिवा लागला म्हणून निघून जाणारे मतदार हा केंद्रावरचा रोजचा घोळ आहे. या निवडणुकीत यंत्राला चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे सात सेकंद चिठ्ठी पाहायची सवय झालेल्यांना काही राहून गेल्यासारखं वाटत होतं.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचा अर्थही निवडणुकीप्रमाणे बदलतो. लोकसभा-विधानसभेत त्याला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमधला पहिला निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की त्याला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

मोठ्या प्रभागाने शहराचं राजकारण कसं बदललं तेही पाहण्यासारखं आहे. एक सदस्याच्या प्रभागात एक तालीम, दोन मंडळं आणि चार गल्ल्या पाठीशी असल्या की अपक्षही निवडून येई. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत माणूस पक्षापेक्षा तालमीने ओळखला जातो, आणि तेवढ्या ओळखीवर जागा निघायची. प्रभाग चौपट झाला की ती ओळख पुरत नाही. खर्च वाढतो, चौघांचं पॅनेल लागतं, पॅनेलला चिन्ह लागतं आणि चिन्ह पक्षाकडे असतं. बाजू मांडणारे म्हणतात की यामुळे गल्लीपुरता विचार सुटतो. गटार तुंबलं तर चारपैकी कुणाकडे जायचं, याचं उत्तर मात्र ही पद्धत देत नाही, आणि माझ्या मते हा तिचा मोठा दोष आहे.

आणि एक संधी वाया गेली आहे. चार जागांचा प्रभाग बांधला, तर तिथे प्रमाणात प्रतिनिधित्व देणं सहज शक्य होतं. चार जागा एकत्र ठेवून प्रत्येकाला एकच मत किंवा पसंतीक्रम दिला, तर पाचव्या भागाहून जास्त, म्हणजे वीस टक्क्यांवर मतं असलेल्या गटाची एक जागा पक्की होते. आपण चार जागा एका प्रभागात आणल्या आणि मध्ये चार भिंती घातल्या. त्यामुळे पंचेचाळीस टक्क्यांवर चारही जागा एकाच पक्षाला मिळू शकतात. आरक्षणाच्या जागा अशा एकत्र पद्धतीत बसवणं कटकटीचं आहे, हे खरं, पण अशक्य नाही.

ग्रामपंचायतीचं थोडक्यात. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. थेट निवडीत सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं असं होऊ शकतं. मग मासिक सभेत विषय अडकतात, बिलं अडकतात. सदस्यांतून सरपंच निवडला तर ही अडवणूक टळते, पण काठावरच्या एका सदस्यासाठी पळवापळवी सुरू होते. गावाने कुठला त्रास पत्करायचा एवढाच प्रश्न असतो. मत देताना सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्य दुसऱ्याचे अशी ‘दोघांनाही खूश’ वाटणी करण्याआधी पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर आणावीत.

आता विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ. पुणे विभागाच्या या मतदारसंघांत पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. सर्वांत शिकलेला मतदार इथे असतो आणि मतं हजारोंनी बाद होतात तीही इथेच. कारण इथे बटण नाही, शिक्का नाही. अंक लिहायचा असतो.

एक पत्रिका समोर धरा. वर्तमानपत्राच्या पानाएवढा कागद. २०२० ला पदवीधरसाठी साठाहून जास्त नावं होती. नावापुढे फोटो आहे, चिन्ह नाही. केंद्रावर मिळणारा जांभळा स्केचपेनच वापरायचा. खिशातलं निळं बॉलपेन वापरलं की मत बाद. ज्याला पहिली पसंती त्याच्यासमोरच्या चौकटीत ‘१’. मराठीत ‘१’ चालतो, इंग्रजी अंक चालतो, रोमनही चालतो. ‘एक’ असं अक्षरी लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली, फुली मारली, सही केली, आपलं नाव लिहिलं, तरी बाद. ‘१’ कुठेच नाही आणि थेट ‘२’, ‘३’ लिहिलेत, बाद. दोघांसमोर ‘१’, बाद. एकाच नावासमोर ‘१’ आणि ‘२’ दोन्ही, बाद. पण ‘१’ एकदाच आहे आणि ‘२’ चुकून दोघांसमोर पडला, तर पहिली पसंती मोजली जाते. पत्रिका फक्त दुसऱ्या पसंतीपुरती थांबते. सुशिक्षित माणूस सवयीने सही करतो किंवा ‘बरोबर’ची खूण करतो, आणि तिथेच त्याचं मत जातं.

मोजणी अशी चालते. बाद पत्रिका बाजूला काढून वैध किती ते ठरतं. त्याला दोनने भागायचं आणि एक मिळवायचा, अपूर्णांक सोडायचा. तो झाला कोटा. दोन लाख वैध मतं असतील तर कोटा १,००,००१. पहिल्या पसंतीतच कुणी तो गाठला तर काम संपलं. २०२० ला पदवीधरमध्ये अरुण लाड पहिल्याच पसंतीत कोटा ओलांडून निवडून आले. कुणीच गाठला नाही तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पुन्हा उघडून प्रत्येकीवरचा ‘२’ ज्याच्यासमोर आहे त्याच्या गठ्ठ्यात टाकतात. ‘२’ ज्याच्यासमोर आहे तो आधीच बाद झाला असेल तर ‘३’ पाहतात. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती संपली. तिचा मालक उरलेल्या निर्णयातून बाहेर पडला. असं एकेक करत वर चढतात. शिक्षक मतदारसंघात २०२० ला हेच झालं, बाद फेऱ्या करत करत जयंत आसगावकर निवडून आले. मोजणी रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसापर्यंत चालणं इथे नवलाचं नाही.

आता तो सल्ला पुन्हा पाहा: ‘फक्त आमच्या साहेबांना १ नंबर, बाकी कोरं.’ गोकुळच्या पत्रिकेवर जो युक्तिवाद बरोबर होता, तो इथे साफ चूक आहे. तुमची दुसरी पसंती कुणी पाहतं ती तुमचा पहिला माणूस बाद झाल्यावरच. तो रिंगणात आहे तोवर तुमचं संपूर्ण मत त्याच्याच गठ्ठ्यात असतं. दुसऱ्या पसंतीमुळे पहिल्याचं काडीचंही नुकसान होऊ शकत नाही. उलट तो बाद झाला आणि तुम्ही पुढे काही लिहिलेलं नसलं, तर शेवटच्या दोघांत कोण येणार हे दुसरे ठरवतात. हा सल्ला देणारे बहुधा अज्ञानाने देतात, कारण सहकारातली सवय अंगात भिनलेली असते. म्हणून पहिल्या पसंतीनंतर निदान तीन-चार अंक द्या, आणि त्यात शेवटपर्यंत टिकतील अशा बड्या उमेदवारांपैकी तुम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटणारा एक असू द्या.

हीच पद्धत हातकणंगल्याला असती तर? तिसऱ्याच्या १ लाख ८० हजारांपैकी समजा एक लाखांनी पहिल्या दोघांपैकी कुणाला तरी पुढची पसंती दिली असती, तर त्यात ५७ विरुद्ध ४३ हजार अशी विभागणीही निकाल फिरवायला पुरली असती. ५६ विरुद्ध ४४ असती तर फिरला नसता. पण असा जुना निकाल नव्या पद्धतीने मोजून ‘खरा विजेता’ काढता येत नाही. पद्धत वेगळी असती तर प्रचारच वेगळा झाला असता. दुसऱ्या पसंतीसाठी समोरच्याच्या मतदाराच्या दारात जावं लागलं असतं, आणि जिथे जायचं आहे तिथे जाऊन आधी शिव्या घालून येता येत नाही.

मग सध्याच्या पद्धतीत साठ टक्क्यांचं मत वाया जातं का? निकालापुरतं, हो, त्या मतांनी कुणी निवडून आलेलं नसतं. पण आपल्या जिल्ह्यातले फरक पाहिले तर मत टाळण्यासारखं काही उरत नाही. करवीरमध्ये २०१४ ला विधानसभेचा निकाल ७१० मतांनी लागला आणि २०२४ ला १,९७६ मतांनी. मतदारसंघात साधारण साडेतीनशे मतदान केंद्रं धरली, तर ७१० म्हणजे केंद्रामागे दोन मतं. करवीरमध्ये २०२४ ला राज्यात सर्वाधिक, जवळजवळ ८५ टक्के मतदान झालं. लोकसभेलाही कोल्हापूरचं मतदान ७१.५९ टक्के, राज्यातल्या तिसऱ्या टप्प्यात पहिलं. त्यामागे ईर्षा आहेच, पण जाळंही आहे. दूध संस्थेचा सचिव दिवसातून दोनदा गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराला भेटतो. कुणाचा मुलगा पुण्याला आहे, कुणाची लेक इचलकरंजीत दिली, कोण आजारी, हे त्याला वहीशिवाय ठाऊक असतं. मतदानाच्या दिवशी तेच जाळं माणसं बाहेर काढतं. महानगरात पक्षाकडे असं काही नाही.

असल्या काठावरच्या लढतीत टपाली मतांना वजन येतं, आणि आपल्या जिल्ह्यात फौजी घरं पुष्कळ. सैनिकाच्या टपाली मतपत्रिकेबरोबर नमुना १३-ए हे घोषणापत्र लागतं. ते पाकिटात नसलं, त्यावर सही नसली किंवा साक्षांकन नसलं, तर आतली मतपत्रिका उघडतच नाहीत. सीमेवरून आलेलं मत एका सहीसाठी बाद. विजयाचा फरक बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधीने हा आकडा सकाळीच लिहून ठेवावा. निकाल जाहीर होऊन प्रमाणपत्र दिल्यावर आठवून चालत नाही.

राहिली यादी. लोकसभा-विधानसभेची यादी वर्षात चार अर्हता तारखांवर, म्हणजे पात्रता मोजायच्या तारखांवर, चालते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नवं नाव नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८, नाव वगळणं नमुना ७. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीला हात लागत नाही. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेऊन प्रभागांत फोडतात, २०२६ च्या वेळी १ जुलै २०२५ ची घेतली होती. फोडताना रस्त्याच्या एका बाजूची घरं शेजारच्या प्रभागात जातात. प्रारूप यादीवरच्या हरकतीत ही चूक दुरुस्त होते, नवं नाव मात्र तिथे घालता येत नाही.

पदवीधरची यादी यातल्या कशातच येत नाही. ती प्रत्येक निवडणुकीआधी कोरी सुरू होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं धरू नका. अर्हता तारीख १ नोव्हेंबर. त्याआधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, विद्यापीठ भारतातलं कुठलंही चालतं, राहणं या पाच जिल्ह्यांत हवं. नमुना १८ भरून पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडायची. शिक्षकांसाठी नमुना १९, आणि मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवलेलं असल्याचा दाखला. २०२० ला निवडलेल्यांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते, तेव्हा घरात जितके पदवीधर आहेत तितके नमुने भरा, आणि मुलींची लग्नानंतर नावं बदलली असतील तर पदवीवरचं नाव आणि यादीतलं नाव एकच माणूस असल्याचा कागद सोबत जोडा.